गोळीवरून पॅच, पॅचवरून इंजेक्शन : दुखण्याचं औषध बदलताना डोसचा हिशेब कसा बघायचा

गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी या भागात मी घरोघरी जाऊन कॅन्सरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांची नर्सिंग करते. एक गोष्ट सारखी दिसते. मॉर्फिनचा डोस वाढवायचा म्हटलं की घरचे लोक दहा वेळा विचारतात, सिस्टर सवय तर नाही ना लागणार, श्वास तर नाही ना बंद पडणार. पण औषध बदललं, म्हणजे गोळी बंद होऊन पॅच आला किंवा ट्रामाडॉल जाऊन मॉर्फिन आलं, की सगळे निर्धास्त, कारण डॉक्टरांनी ‘तेवढंच’ दिलंय ना. जास्तीत जास्त चुका तिथेच होतात. ‘तेवढंच’ असं काही नसतंच, कुठलं औषध किती म्हणजे कुठल्याच्या बरोबरीचं हे सांगणाऱ्या टेबलमध्ये सारखे दिसणारे दोन आकडे माणसाच्या अंगात सारखे वागत नाहीत, आणि हे मला आज नीट समजावून सांगायचंय.

आधीच एक सांगते. हे वाचून कोणी घरी बसून स्वतः औषध बदलू नका. डोस ठरवायचा डॉक्टरांनीच, ज्यांनी पेशंटला हात लावून बघितलंय त्यांनी. मग तुम्हाला हा हिशेब कशाला, तर डॉक्टर जो आकडा काढतात तो तुम्ही दिलेल्या माहितीवर काढतात, आणि रात्री दोन वाजता पेशंटजवळ डॉक्टर नसतात, तुम्ही असता. हिशेब कसा होतो हे कळलं की काय लिहून ठेवायचं, काय विचारायचं आणि कुठे थांबून फोन करायचा हे आपोआप कळतं.

पहिलं काम वही. गेल्या २४ तासांत पेशंटच्या पोटात खरोखर किती औषध गेलं ते. प्रिस्क्रिप्शनवर काय लिहिलंय ते नाही, खरोखर किती गेलं ते. शिरोड्याला एका घरी सूनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीला पेनाने एक ठिपका दिला होता, वेळेच्या गोळीला निळा आणि मध्येच दुखलं म्हणून दिलेल्या एसओएस गोळीला लाल. सकाळी सहाची गोळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला की, मग दहा, दोन, सहा आणि रात्री दहाला दोन गोळ्या एकदम, म्हणजे रात्री दोनला सासऱ्यांना उठवायला नको. तेव्हा मला वाटलं बाईंना उगाच नाद आहे ठिपक्यांचा. पण औषध बदलायची वेळ आली तेव्हा त्या कॅलेंडरनेच आम्हाला वाचवलं, कारण मुलगा सांगत होता ‘सहा गोळ्या दिवसाला’ आणि ठिपके मोजले तर सहा निळे आणि तीन लाल. १० एमजीच्या नऊ गोळ्या, म्हणजे ६० नाही, ९० एमजी. कधीकधी उलटं पण होतं, कागदावर ९० आणि पेशंटने घेतलेत ४०, कारण घाबरून अर्ध्या गोळ्या उशीखाली जातात, आणि डॉक्टर बिचारे ९० धरून नवीन औषध देतात, मग पेशंट उठतच नाही. म्हणून डॉक्टरसमोर लाजू नका, जे घेतलं नाही ते घेतलं नाही असं सांगा, कोणी रागावत नाही.

बेरीज करताना सगळ्या स्ट्रिप टेबलावर काढायच्या आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल घातलेल्या गोळ्या असतात, एका गोळीत ट्रामाडॉल ३७.५ एमजी आणि पॅरासिटामॉल ३२५, आणि घरचे म्हणतात ‘ती तर साधी दुखायची गोळी’. तिच्यातला ट्रामाडॉल बेरजेत धरायचाच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते सुद्धा मॉर्फिनच्याच कुटुंबातलं.

आता आकडे. सगळी औषधं एका मापात आणायला ‘तोंडाने घेतलेलं मॉर्फिन’ हे माप धरतात, जसं आपण कुठलीही नाणी रुपयात मोजतो. ट्रामाडॉल मॉर्फिनच्या मानाने बरंच हलकं. पुष्कळ डॉक्टर ते दहाव्या हिश्शाने धरतात, काही ठिकाणी पाचव्या हिश्शाने. म्हणजे दिवसाला ४०० एमजी ट्रामाडॉल, जी त्याची वरची मर्यादा आहे, ते ४० ते ८० एमजी मॉर्फिनच्या जवळपास. कोडीन साधारण ०.१५ पट, टॅपेंटाडॉल ०.४ पट. मॉर्फिनचं इंजेक्शन मात्र तोंडाच्या गोळीपेक्षा जोरदार, कारण गोळीतलं बरंचसं मॉर्फिन लिव्हरमध्येच खर्च होतं, इंजेक्शनचं होत नाही. म्हणून ३० एमजी गोळी बरोबर १० एमजी इंजेक्शन, तिनास एक. काही डॉक्टर स्किनखालच्या इंजेक्शनला दोनास एक पण धरतात. फेंटानिलचा २५ चा पॅच म्हणजे दिवसाला निदान ६० एमजी मॉर्फिन.

ह्या शेवटच्या आकड्याजवळ थोडं थांबा, लोकांना पॅच म्हणजे कंबरेला लावतात तसली बामाची पट्टी वाटते. २५ म्हणजे २५ एमजी नाही, ताशी २५ मायक्रोग्रॅम. २४ तासांचे झाले ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक एमजीसुद्धा नाही, ०.६ एमजी, आणि त्याची ताकद ६० एमजी मॉर्फिनएवढी. शंभर पट! म्हणून ज्याने कधी मॉर्फिनच घेतलेलं नाही त्याला हा पॅच लावायचा नसतो. निदान आठवडाभर रोज ६० एमजी मॉर्फिन किंवा त्या ताकदीचं दुसरं काही चालू आहे, अंग त्याला सरावलंय, अशा माणसालाच. शेजारच्या आजोबांचा उरलेला पॅच गुडघेदुखीला लावला असं ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो.

बुप्रेनॉर्फिनचा पॅच वेगळा, तो सात दिवसांचा आणि त्याचे आकडे ५, १०, २० असे. १० चा पॅच म्हणजे दिवसाला साधारण २४ एमजी मॉर्फिन. फेंटानिलचा तीन दिवसांचा, ७२ तास. दोन्ही पॅच, दोन्ही मायक्रोग्रॅम, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत, बदलताना पाकीट बघून घ्या. ह्याच कुटुंबातलं मेथाडोन चालू असेल तर वरचं कुठलंच गणित लावू नका, त्याचं प्रमाण डोसप्रमाणे बदलत जातं आणि ते अंगात दिवसेंदिवस साठत राहतं, ते काम फक्त त्यातल्या अनुभवी डॉक्टरांचं.

आता मूळ मुद्दा. समजा बेरीज झाली, टेबलवरून सारखा आकडा निघाला. तो आकडा द्यायचा नसतो, तो कापायचा असतो. रोज मॉर्फिन घेऊन घेऊन अंग मॉर्फिनला सरावतं, त्याची झोप, त्याचं श्वास मंदावणं सहन करायला शिकतं, पण हा सराव नवीन औषधाला पूर्ण लागू पडत नाही, अर्धामुर्धाच लागू पडतो. म्हणून एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना सारख्या आकड्यातून २५ ते ५० टक्के कमी करून सुरुवात करतात. म्हातारं माणूस, वजन उतरलेलं, किडनी कमजोर, श्वासाचा त्रास, असं असेल तर जास्त कापायचं. दुखणं अजिबातच आटोक्यात नसेल तर थोडं कमी कापतात. आणि कापल्यामुळे जे कमी पडेल ते भरून काढायला एसओएस डोस हाताशी ठेवायचा, तो दिवसभराच्या एकूण डोसच्या साधारण सहावा हिस्सा. कमी पडलं तर एसओएस देऊन दुसऱ्या दिवशी वाढवता येतं, जास्त झालं तर काढून घेता येत नाही.

शिरोड्याच्या त्या सासऱ्यांचंच उदाहरण घेऊ. ९० एमजी मॉर्फिन दिवसाला, गिळायला त्रास व्हायला लागला, म्हणून पॅच. ६० ला २५ तर ९० ला साडेसदतीस, टेबल असं सांगतं. त्यातून तिसरा हिस्सा कापला की उरतात २५. डॉक्टरांनी २५ चाच लावला आणि एसओएसला मॉर्फिन सिरप ठेवलं. मुलगा जरा नाराज झाला, म्हणाला बाबांना कमी पडेल, दोन पॅच लावूया का. पहिल्या रात्री दोनदा सिरप लागलं, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी मी गेले तर म्हातारबाबा बाल्कांवात बसून पेज पीत होते, मला म्हणतात, आज मी जरा खाटेवरून उठून आलो बाहेर.

पॅच लावल्या लावल्या काम करत नाही हे पण लक्षात ठेवा, कातडीखाली साठा व्हायला १२ ते २४ तास लागतात. म्हणून १२ तास टिकणारी एसआर गोळी चालू असेल तर शेवटची एसआर गोळी आणि पहिला पॅच एकाच वेळी, चार तासांची साधी गोळी असेल तर पहिले १२ तास ती चालूच ठेवायची, पण हे डॉक्टरांकडून कागदावर वेळेसकट लिहून घ्या, ‘पॅच लावल्यावर गोळी कधी बंद’ हा प्रश्न नाही विचारला तर लोक एकतर लगेच बंद करतात नाहीतर आठवडाभर दोन्ही चालू ठेवतात. पॅच काढल्यावर पण तसंच, कातडीतला साठा हळूहळू उतरतो, अर्ध्यावर यायलाच १७ तास किंवा जास्त लागतात. म्हणून पॅचवरून गोळीवर येताना पहिले १२ तास वगैरे नुसत्या एसओएसवर काढतात आणि मगच नियमित गोळी, ती पण कापून. आणि इथे एक मोठी मेख आहे, मॉर्फिनवरून फेंटानिलवर जायचं टेबल मुद्दाम हात आखडून केलेलं असतं. तेच उलटं वाचून फेंटानिलवरून मॉर्फिन काढलं तर आकडा जास्तच निघतो. जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एक नाही.

औषध तेच पण वाट बदलते तेव्हाची चूक मी स्वतः डोळ्यांनी बघितलीय. एका हॉस्पिटलमधून पेशंट घरी आला, डिस्चार्ज कागदावर एवढंच, मॉर्फिन १५ एमजी चार तासांनी. तोंडाने की इंजेक्शन, काही नाही. घरी उलट्या सुरू झाल्या, गोळी पोटात राहीना, माझ्याबरोबरच्या नवीन मुलीने बॅगेतलं अँप्यूल काढून सिरिंजमध्ये १५ एमजी भरायला सुरुवात केली पण. मी हात धरला. तोंडाने १५ चार तासांनी म्हणजे दिवसाला ९०, त्याचे इंजेक्शनला तिसरा हिस्सा ३०, सहा वेळा वाटलं तर एका वेळी ५. ती देणार होती त्याच्या तिप्पट! चूक तिची नव्हती, कागदाची होती. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगते, कागदावर चार गोष्टी असल्याशिवाय दवाखान्यातून उठायचं नाही: औषधाचं नाव, एमजी की मायक्रोग्रॅम, तोंडाने की इंजेक्शन की पॅच, आणि किती तासांनी. सिरप असेल तर एका एमएलमध्ये किती एमजी ते पण, कारण ‘५ एमएल’ आणि ‘५ एमजी’ मध्ये घरोघर घोळ होतो, आणि मापायला चमचा नको, सिरिंज घ्या.

किडनीचं वेगळं सांगायला हवं. मॉर्फिन अंगात मोडून त्याचे जे पदार्थ होतात ते लघवीवाटे जातात, किडनी थकली की ते साठतात, आणि मग कालपर्यंत सोसलेला डोसच आज जास्त होतो. हातपाय मधूनच झटके देतात, पेशंट भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, दिवसभर गुंगीत असतो. घरच्यांना वाटतं दुखणं वाढलं आणि अजून एक गोळी देतात. असं दिसलं तर गोळी नको, फोन करा, डॉक्टर बहुतेक क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगतील आणि औषध बदलून फेंटानिल किंवा बुप्रेनॉर्फिनकडे जातील. मे महिन्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले, की आपल्याकडे हे जास्त दिसतं.

मे महिन्याचं निघालंच तर पॅच आणि उकाडा. उष्णता लागली की पॅचमधून औषध जास्त वेगाने अंगात जातं. त्यामुळे पॅचवर गरम पाण्याची पिशवी नको, शेक नको, उन्हात बसणं नको, आणि ताप चढला तर डॉक्टरांना कळवायचं. दुसरीकडे आपला घाम, पॅच सुटून येतो. लावायची जागा नुसत्या पाण्याने पुसायची, साबण-तेल-पावडर नाही, खडखडीत कोरडी करायची, केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा नको. लावून तळव्याने ३० सेकंद दाबून धरायचा. नवीन लावताना जुना काढलाय का ते हाताने चाचपून बघा, पाठीवर, खांद्यामागे. वाळपईला एका आजींच्या पाठीवर मला दोन सापडले होते, एक मुलीने लावलेला, एक सुनेने, दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. आता त्या घरात पॅचवर चिकटवायच्या आधीच बॉलपेनने तारीख आणि वेळ लिहितात. पॅच कापून अर्धा लावायचा नाही, एसआर गोळी कुटून पेजेत घालायची नाही, बारा तासांचं औषध एकदम पोटात उतरतं.

बदलल्यानंतरचे पहिले तीन दिवस जागं राहायचं, म्हणजे खरंच कोणीतरी लक्ष ठेवायचं. थोडी जास्त झोप येणं ठीक आहे, आधी दुखण्याने झोपच नव्हती. हाक मारल्यावर डोळे उघडून नीट उत्तर दिलं की काळजी नाही. पण हलवूनही जाग येत नाही, घोरल्यासारखा घरघर आवाज, ओठ निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ बघून मोजलं तर श्वास आठपेक्षा कमी, तर वाट बघायची नाही. पॅच असेल तर काढा, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि कुठलं औषध किती हे सांगा. मॉर्फिनचा आणि फेंटानिलचा असर उतरवणारं नॅलॉक्झोन दिल्यावर पेशंट पटकन शुद्धीवर येतो आणि घरचे म्हणतात चला घरी, तसं करू नका, नॅलॉक्झोनचा असर लवकर उतरतो आणि पॅचचा साठा अंगात असतोच, पुन्हा तसंच होऊ शकतं. त्या दिवसांत झोपेची गोळी, अल्प्राझोलाम, प्रेगाबालिन यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि एप्रिल-मेमध्ये घरात हुर्राक असतो, फेणी तर बाराही महिने, थोडीशी घेऊ दे बिचाऱ्याला म्हणून देतात. मला कळतं ते प्रेमाने असतं, पण मॉर्फिनवर दारू श्वासावर पडते, नाहीच द्यायची.

मॉर्फिनवरून फेंटानिलवर गेल्यावर काहींना दोन-तीन दिवस पोट ढिलं होतं, घाम येतो, बेचैनी होते. फेंटानिलने मॉर्फिनपेक्षा बद्धकोष्ठ कमी होतं, म्हणून मॉर्फिनसाठी चालू असलेलं जुलाबाचं औषध तेवढंच ठेवलं तर धो-धो जुलाब होतात. ते औषध बंद करायचं नाही, पण किती ठेवायचं ते विचारा.

स्टॉकचं पण बघा. मॉर्फिन गल्लीतल्या फार्मसीत सहसा मिळत नाही, २०१४ च्या एनडीपीएस कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मान्यता मिळालेल्या संस्थांमधून ते मिळतं, काणकोणहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जायचं म्हणजे अख्खा दिवस. चवथीच्या सुट्ट्या आल्या, गोळ्या संपल्या, आणि घरात पडलेल्या ट्रामाडॉलवर चालवू असं लोक ठरवतात. ते चालतच नाही, हिशेब करून बघा, ९० एमजी मॉर्फिन भरून काढायला ४५० ते ९०० एमजी ट्रामाडॉल लागेल आणि मर्यादा ४०० ची, त्यापुढे फिट्स येऊ शकतात. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा.

आणि वापरलेला पॅच. तीन दिवसांनी काढला तरी त्यात लहान मुलाचा जीव जाईल एवढं औषध उरलेलं असू शकतं. चिकट बाजू आत करून मधोमध दुमडायचा, त्याच्याच पाकिटात घालायचा, पंचायतीच्या कचऱ्यात टाकायचा नाही. डब्यात कुलूप लावून ठेवा आणि पुढच्या खेपेला मला किंवा दवाखान्यात आणून द्या, उरलेल्या गोळ्या आणि सिरपसकट. शिरोड्याच्या सूनबाईंनी शेवटी मला सगळं एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात भरून दिलं होतं, मोजून, आणि वर चिठ्ठी, २५ चे वापरलेले पॅच अकरा, न वापरलेले दोन, सिरप अर्धी बाटली. दारातच तिच्यासमोर मी पुन्हा मोजले, बरोबर होते.